एका आठवड्याचे कागद : आयरिश स्वातंत्र्यलढा आणि चर्च यांची दप्तरं घरबसल्या कशी धुंडाळावीत

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल काहीही वाचायला घ्या, दोन-चार पानांत पाद्री भेटतोच. कुठे तो गोळ्या घातल्या जाणाऱ्या कैद्याला शेवटचे संस्कार देतो, कुठे वेदीवरून बंडखोरांना खडसावतो, तर कुठे त्यांच्यासाठी चोरून चिठ्ठ्या पोचवतो. पुस्तकं यावरून एकच निष्कर्ष काढून मोकळी होतात : चर्च लढ्याच्या बाजूने होतं, किंवा विरोधात होतं. मूळ कागद पाहिले की हे दोन्ही निष्कर्ष डळमळतात. सुदैवाने लढ्याच्या शताब्दीच्या निमित्ताने गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यातले बरेच कागद इंटरनेटवर आले आहेत आणि मोठा भाग फुकट आहे. पुण्यात, नागपुरात किंवा दुबईत बसून बरंच काम होऊ शकतं. इथे मी ते एका उदाहरणाच्या आधाराने क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न लहान करा

‘आयरिश राष्ट्रवाद आणि धर्म’ एवढा विषय घेऊन बसलात तर दोन महिन्यांत दमाल. एक गाव, एक आठवडा, एक माणूस यांतलं काहीतरी पकडा. मी कॉर्क शहर आणि डिसेंबर 1920 चा मधला आठवडा घेतो, कारण त्या पाच-सहा दिवसांत या विषयाचे जवळजवळ सगळे धागे एकत्र येतात.

28 नोव्हेंबर 1920 ला किलमायकल इथे टॉम बॅरीच्या बंडखोर तुकडीने ब्रिटिश सरकारच्या ‘ऑक्झिलरी’ या जादा पोलीस दलावर दबा धरून हल्ला केला होता. 11 डिसेंबरच्या रात्री कॉर्कमध्ये डिलन्स क्रॉसजवळ आणखी एक हल्ला झाला आणि त्याचा सूड म्हणून सरकारी दलांनी शहराचा मध्यभाग पेटवला. पॅट्रिक स्ट्रीटवरची दुकानं, सिटी हॉल, कार्नेगी ग्रंथालय जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. राख अजून गरम असतानाच कॉर्कचे बिशप डॅनियल कोहॅलन यांनी जाहीर केलं की आपल्या धर्मप्रांतात जो कोणी दबा धरून हल्ले करील, माणसं पळवील किंवा खून करील, तो त्या कृत्यानेच धर्मबहिष्कृत ठरेल. 15 तारखेला डनमॅनवेजवळ कॅनन थॉमस मॅग्नर या वृद्ध पाद्र्याला एका ऑक्झिलरीने भर रस्त्यात गोळी घातली. आणि त्याच आठवड्यात फादर डॉमिनिक ओ’कॉनर या कॅपुचिन (कॅथलिकांमधला एक मठवासी पंथ) पाद्र्याने बंडखोरांच्या कॉर्क ब्रिगेडचे अ‍ॅडज्युटंट फ्लॉरेन्स ओ’डोनह्यू यांना पत्र लिहून कळवलं की ही कृत्यं खासगी माणसांनी केली असती तर पाप ठरली असती. इथे ती बंडखोरांनी जाहीर केलेल्या आयरिश प्रजासत्ताकाच्या अधिकाराने होत आहेत, म्हणून बिशपांचा हुकूम तुम्हाला लागू नाही.

आता प्रश्न असा मांडा : बिशपांचा हुकूम निघाल्यावर कॉर्कच्या लढणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पाद्र्यांनी प्रत्यक्षात काय केलं? कन्फेशनला, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली द्यायला, गेले का? मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, गेले का? पाद्र्यांनी संस्कार नाकारले का? या प्रश्नाचं उत्तर एका दप्तरात मिळत नाही, आणि म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे.

कागद कुठे गेले आणि कुठे टिकले

30 जून 1922 ला, ब्रिटनशी झालेल्या तहावरून पेटलेल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झालं. आयरिश संशोधकांच्या तोंडी ही आग सारखी येते आणि नवख्याला वाटतं की सगळंच गेलं. आपल्या विषयापुरतं तसं झालेलं नाही. डब्लिन कॅसलच्या, म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश कारभाराच्या मुख्यालयाच्या, पोलिसांची राजकीय दप्तरं सत्तांतराच्या वेळी लंडनला गेली होती, त्यामुळे ती वाचली. कॅथलिक चर्चने आपले कागद सरकारच्या ताब्यात कधी दिलेच नव्हते. धर्मग्रामांच्या नोंदवह्या गावोगावच्या पाद्र्यांकडेच होत्या. मोठा फटका बसला तो चर्च ऑफ आयर्लंडला, कारण ते पूर्वी सरकारमान्य चर्च असल्याने त्याच्या शेकडो नोंदवह्या फोर कोर्ट्समध्ये ठेवलेल्या होत्या. जळालेल्या कागदांच्या नकला जगभरातून गोळा करून ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ नावाचा प्रकल्प 2022 मध्ये खुला झाला. जुन्या शतकांसाठी तो अमूल्य आहे, 1920 च्या आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग थोडाच.

तेव्हा आपले कागद चार ठिकाणी विखुरलेले आहेत : डब्लिनचं लष्करी अभिलेखागार, लंडनजवळ क्यू इथलं ब्रिटिश अभिलेखागार, चर्चची खासगी दप्तरं आणि रोम. याच क्रमाने जा. सोपं आणि फुकट आधी, अवघड आणि परवानगीचं नंतर.

पहिला मुक्काम : लढणाऱ्यांची निवेदनं

डब्लिनमधल्या रॅथमाइन्स भागात काहल ब्रू बराकीत आयर्लंडचं लष्करी अभिलेखागार आहे. त्याच्या संकेतस्थळावर ‘ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी’चा संग्रह उघडा. आयरिश सरकारने 1947 मध्ये ही ब्युरो स्थापन केली आणि 1957 पर्यंत लढ्यात भाग घेतलेल्यांकडून 1,773 निवेदनं लिहून घेतली. मग ती पोलादी पेट्यांत बंद करून ठेवली. लोकांना ती वाचायला मिळाली 2003 मध्ये, म्हणजे निवेदन देणारे बहुतेक सगळे गेल्यावर. माणसं मोकळेपणाने का बोलली असतील याचं एक कारण यात आहे.

शोधाच्या खिडकीत नुसतं ‘प्रीस्ट’ टाकू नका, शेकडो निकाल येऊन पडतील. आधी कॉर्क जिल्हा निवडा, मग बिशपांचं आडनाव टाका. मग ‘एक्सकम्युनिकेशन’, ‘कन्फेशन’, ‘सॅक्रमेंट्स’, ‘चॅप्लेन’ असे शब्द एकेक करून, अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने. निवेदनं टंकलिखित आहेत, पण यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात. कोहॅलन हे आडनाव दोन-तीन वेगळ्या स्पेलिंगांनी शोधून पाहा. जे सापडेल ते आणि त्याच्या मागचीपुढची पाच पानं वाचा. धर्माचा उल्लेख या निवेदनांत बहुतेक वेळा जाता जाता येतो : हल्ल्याच्या आदल्या रात्री कन्फेशनसाठी कोणत्या पाद्र्याला बोलावलं, जखमीला शेवटचे संस्कार द्यायला कोण आलं, कोणत्या गावच्या पाद्र्याने दार लावून घेतलं. हे उल्लेख जमवत गेलात की हुकूम कागदावर काय होता आणि गावात काय होता यातलं अंतर दिसू लागतं.

पाद्र्यांनी स्वतः दिलेली निवेदनंही या संग्रहात आहेत. 1916 च्या ईस्टरमधल्या डब्लिन उठावानंतर किलमेनम तुरुंगात देहदंडापूर्वी नेत्यांना भेटलेले कॅपुचिन फादर अ‍ॅलॉयशियस यांचं निवेदन क्रमांक 200, त्यांचेच सहकारी फादर ऑगस्टीन यांचं क्रमांक 920. मोन्सिन्योर मायकल करन यांचं क्रमांक 687 तर शेकडो पानांचं आहे. करन हे डब्लिनचे आर्चबिशप विल्यम वॉल्श यांचे सचिव होते आणि 1919 च्या अखेरीस रोमच्या आयरिश कॉलेजात गेले. चर्चच्या वरच्या वर्तुळात काय बोललं जात होतं हे कळण्यासाठी मला तरी हे एक निवेदन बाकी दहा पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी वाटतं. सलग वाचायच्या फंदात पडू नका. तारखांचा मागोवा घेत वाचा.

या संग्रहाच्या तीन मर्यादा लक्षात ठेवा. एक, निवेदनं घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी दिलेली आहेत. दरम्यान टॉम बॅरीसकट अनेकांच्या आठवणी छापून आल्या होत्या आणि लोकांनी त्या वाचल्याही होत्या. दोन, ब्युरोचं काम 11 जुलै 1921 च्या युद्धबंदीपर्यंतच मर्यादित होतं, त्यामुळे यादवी युद्धाबद्दल आणि 10 ऑक्टोबर 1922 च्या बिशपांच्या संयुक्त पत्राबद्दल इथे फारसं मिळत नाही. त्या पत्राने तहविरोधी लढवय्यांना संस्कार नाकारले होते आणि त्याची जखम कॉर्कच्या हुकुमापेक्षा कितीतरी खोल गेली. तीन, कित्येक तहविरोधकांनी सरकारी ब्युरोला निवेदन द्यायचंच नाकारलं. त्या बाजूसाठी युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधल्या, लढवय्यांच्या मुलाखतींनी भरलेल्या एर्नी ओ’मॅली यांच्या वह्या आहेत, पण त्यांचं हस्ताक्षर असं की सरावलेल्या संशोधकांनीही हात टेकले आहेत. ज्या जिल्ह्यांच्या मुलाखती संपादित होऊन छापल्या आहेत त्या छापील प्रतीतच वाचा.

पेन्शनचे अर्ज

त्याच संकेतस्थळावर ‘मिलिटरी सर्व्हिस पेन्शन्स कलेक्शन’ आहे. 1924 आणि 1934 च्या कायद्यांखाली माजी लढवय्यांनी पेन्शनसाठी केलेले अर्ज, मृतांच्या आईबापांनी केलेले भरपाईचे अर्ज, त्यांच्या चौकशीचे कागद असा हा प्रचंड साठा 2014 पासून टप्प्याटप्प्याने खुला होतो आहे. यात यादवी युद्धाचा काळही येतो, कारण सेवेची मोजणी 30 सप्टेंबर 1923 पर्यंत होते. 1934 च्या कायद्यात ‘कुमन ना मॅन’ या स्त्रियांच्या संघटनेच्या सदस्याही आल्या. निरोप पोचवणाऱ्या, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बायका इथे प्रथमच स्वतःच्या नावाने बोलतात.

एखादी फाईल उघडून पाहा. सुरुवातीला छापील फॉर्म. त्यात काळाचे तुकडे पाडलेले : ईस्टरचा आठवडा, मग 1 एप्रिल ते 31 मार्च असं एकेक वर्ष. प्रत्येक तुकड्यात अर्जदाराने आपण काय केलं ते लिहायचं. त्यानंतर शपथेवरची जबानी, प्रश्नोत्तरांसकट. मग जुन्या अधिकाऱ्यांची शिफारसपत्रं, आणि त्यांत कुठेतरी धर्मग्रामाच्या पाद्र्याचं पत्र : हा मनुष्य मला लहानपणापासून ठाऊक आहे, घरची परिस्थिती बेताची आहे. ज्या पाद्र्याने 1920 मध्ये वेदीवरून निषेध केला असेल, तोच 1935 मध्ये अशा माणसाची शिफारस करतो का, हे तपासून पाहण्यासारखं आहे. त्यासाठी पाद्र्याच्या नावाने शोध घ्या. अर्जदाराच्या नावाने घेऊन ते हाती लागणार नाही.

पेन्शन मिळायला ‘सक्रिय सेवा’ सिद्ध करावी लागे. म्हणून अर्जदार बंदुकीबद्दल भरभरून लिहितो आणि जपमाळेबद्दल अवाक्षर काढत नाही. धर्माचा उल्लेख नाही याचा अर्थ धर्म नव्हता असा लावू नका. फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

पोलिसांच्या नजरेतला पाद्री

आता दुसऱ्या बाजूला जा. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘सीओ 904’ ही मालिका डब्लिन कॅसलच्या दप्तरांची आहे. रॉयल आयरिश कॉन्स्टेब्युलरीचे जिल्हा निरीक्षक दर महिन्याला अहवाल पाठवत. मुलूख शांत आहे का, कोणत्या संघटनेची किती माणसं, कोणी काय भाषण केलं. कॉर्क जिल्हा एवढा मोठा की त्याचे ईस्ट रायडिंग आणि वेस्ट रायडिंग असे दोन भाग होते. डनमॅनवे वेस्टमध्ये येतं, शहर ईस्टमध्ये. हे माहीत नसलं तर चुकीचा अहवाल वाचत बसाल. त्याच मालिकेत संशयितांच्या वैयक्तिक फायलीही आहेत आणि त्यांत पाद्री आहेत. ‘डब्ल्यूओ 35’ ही मालिका लष्कराची : छापे, लष्करी न्यायालयं, आणि मृत्यूंच्या लष्करी चौकश्या. 1920 च्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी नेहमीच्या न्यायचौकशीऐवजी लष्करी चौकशी होऊ लागली होती. कॅनन मॅग्नर यांच्यासारखं प्रकरण शोधायचं तर आधी तिथे पाहा.

क्यूच्या सूचीत शोध फुकट घेता येतो, पण या मालिकांची डिजिटल पानं बहुतेक वेळा वर्गणीच्या संकेतस्थळांवर आहेत. आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाचं ग्रंथालय ती वर्गणी भरतं का ते विचारून घ्या. नाहीतर सूचीतून नेमका फाईल क्रमांक काढा आणि तेवढ्याच पानांची प्रत मागवा. अख्खी फाईल मागवण्याचा मोह खिशाला परवडत नाही.

पोलिसी अहवाल वाचताना एक सवय लावून घ्या. ‘तरुण पाद्री बंडखोरांच्या बाजूचे, वयस्क पाद्री राजनिष्ठ’ अशा छापाची वाक्यं त्यांत पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक वेळी विचारा की निरीक्षकाने हे स्वतः पाहिलं की खालच्या ठाण्याने कळवलं. 1920 च्या अखेरीस ग्रामीण ठाणी कितीतरी ठिकाणी ओस पडली होती. ठाणंच नसलेल्या गावच्या पाद्र्याबद्दल निरीक्षकाला काय कळणार?

चर्चच्या दारात

हा टप्पा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात हळू चालणारा. धर्मप्रांतांची आणि पंथांची दप्तरं खासगी असतात. ती पाहण्याचा तुम्हाला हक्क नाही. तुम्ही पाहुणे आहात. कित्येक ठिकाणी एकच अभिलेखपाल, तोही अर्धवेळ.

सुरुवात कॅपुचिनांपासून करा, कारण त्यांचं दप्तर नवख्यासाठी सर्वांत मोकळं आहे. डब्लिनच्या चर्च स्ट्रीटवर त्यांचा मठ आहे. 1916 च्या उठावात त्यांच्या फादर मॅथ्यू हॉलमध्ये जखमींवर उपचार झाले, शरणागतीचा निरोप पोचवण्यात त्यांचे फादर होते आणि देहदंडाच्या पहाटे तुरुंगात तेच गेले. त्यांच्या अभिलेखागाराने क्रांतिकाळातल्या कागदांच्या तपशीलवार याद्या तयार करून संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. आधी यादी वाचा, मग कागद. यादीतल्या एकेका ओळीत पत्राचा सारांश असतो आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागतं.

इथे नावांचा घोळ होतो. मठात गेल्यावर पाद्री नवीन नाव घेतात. फादर डॉमिनिक यांचं घरचं नाव जॉन, फादर अल्बर्ट बिबी यांचं थॉमस. पोलीस फायलीत घरचं नाव असू शकतं, मठाच्या यादीत दुसरं. नावापुढची अक्षरंही शिकून घ्या : पी.पी. म्हणजे धर्मग्रामाचा मुख्य पाद्री, सी.सी. म्हणजे त्याचा मदतनीस, ओ.एफ.एम. कॅप. म्हणजे कॅपुचिन, एस.जे. म्हणजे जेझुइट. मदतनीस पाद्र्यांची वरचेवर बदली होई, म्हणून त्या वर्षाची ‘आयरिश कॅथलिक डिरेक्टरी’ उघडून तो त्या महिन्यात कुठे होता ते पक्कं करा. मठात असलेल्या पाद्र्याचं वय आणि जन्मजिल्हा 1911 च्या जनगणनेत मिळतो. ती आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट आहे, धर्माचा आणि आयरिश भाषा येते का याचा रकाना तीत आहे.

फादर डॉमिनिक यांचा माग काढला तर एकच माणूस किती खोक्यांत विभागला जातो ते दिसेल. ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवसांच्या उपोषणानंतर 25 ऑक्टोबर 1920 ला वारलेले कॉर्कचे लॉर्ड मेयर टेरेन्स मॅकस्विनी यांच्यासोबत ते पाद्री म्हणून होते. ते कागद मठात. ओ’डोनह्यूंना लिहिलेलं पत्र ओ’डोनह्यूंच्या कागदपत्रांत, म्हणजे किल्डेअर स्ट्रीटच्या नॅशनल लायब्ररीत. डिसेंबर 1920 मध्येच ते पकडले गेले, जानेवारीत लष्करी न्यायालयापुढे उभे राहिले आणि इंग्लंडच्या तुरुंगात गेले. ते कागद सरकारी दप्तरांत. पुढे तहविरोधी भूमिकेमुळे त्यांना आणि फादर अल्बर्टना अमेरिकेत पाठवण्यात आलं. दोघेही तिथेच वारले आणि 1958 मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणून कॉर्कजवळ रॉचस्टाउनला पुरले. त्या प्रसंगाची कात्रणं पुन्हा मठात.

बिशपांची दप्तरं मात्र वेगळी. आर्चबिशप वॉल्श यांचे कागद डब्लिन धर्मप्रांताकडे, कार्डिनल मायकल लोग यांचे आर्माच्या ओ फी ग्रंथालयात, कोहॅलन यांच्यासाठी कॉर्क आणि रॉस धर्मप्रांत. इथे ई-मेल कसा लिहिता यावर सगळं अवलंबून असतं. ‘स्वातंत्र्यलढ्यावर काही असेल तर पाठवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि येऊ नयेच. साधारण असं लिहा, अर्थात इंग्रजीत :

‘मी महाराष्ट्रातून लिहितो आहे. बिशप कोहॅलन यांच्या 12 डिसेंबर 1920 च्या हुकुमावर धर्मग्रामांतून आलेला पत्रव्यवहार शोधतो आहे. काळ डिसेंबर 1920 ते मार्च 1921. लष्करी अभिलेखागारातली निवेदनं आणि त्या आठवड्याचे कॉर्क एक्झॅमिनरचे अंक पाहून झाले आहेत. या काळाची खोकी सूचीबद्ध आहेत का आणि ती संशोधकांना खुली आहेत का, एवढं कळवलंत तरी आभारी राहीन. प्रत काढण्याचं शुल्क आणि प्रकाशनाचे नियमही कळवावेत.’

एवढंच. तारखा, नाव, आधी काय पाहिलं आणि एकच सोपा प्रश्न. आपली मतं, विषयाचं महत्त्व, भारत-आयर्लंड मैत्री यातलं काही नको. तीन आठवडे वाट पाहा, मग एकदाच आठवण करा. नकार आला तर कारण विचारू नका. कन्फेशन आणि शिस्तभंगाचे विषय चर्चमध्ये नाजूक असतात. धर्मभगिनींच्या मठांची दप्तरं यापेक्षाही बंदिस्त असतात, पण त्यांच्या रोजनिश्यांत लढ्याच्या दिवसांच्या नोंदी सापडतात, तेव्हा विचारून पाहायला हरकत नाही.

हस्तलिखित पत्रांत लॅटिन आणि इटालियन वाक्यं घुसतात. आयरिश मजकूर जुन्या गेलिक लिपीत असेल तर अक्षरावरचा टिंब म्हणजे आजच्या स्पेलिंगमधला त्या अक्षरानंतरचा ‘एच’. एवढं कळलं तरी शब्दकोश उघडता येतो.

रोमची खिडकी

रोमच्या आयरिश कॉलेजचे रेक्टर मोन्सिन्योर जॉन हेगन राष्ट्रवादी होते आणि त्यांना आयर्लंडच्या कानाकोपऱ्यातून पत्रं येत. बिशप एकमेकांबद्दल मायदेशात जे बोलत नसत ते या पत्रांत लिहीत. कॉलेजने त्यांची सारांशासह सूची उपलब्ध केली आहे. डिसेंबर 1920 आणि जानेवारी 1921 ची पानं काढा. याच दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे आर्चबिशप पॅट्रिक क्लून लंडन आणि डब्लिन यांच्यात युद्धबंदीसाठी मध्यस्थी करत होते. कॉर्कचा हुकूम वाचताना हे शेजारी ठेवा. व्हॅटिकनच्या अभिलेखागारात पंधरावे बेनेडिक्ट यांच्या काळातले कागद खुले आहेत, पण तिथे जायचं तर इटालियन आणि संस्थेचं शिफारसपत्र दोन्ही हवं. छंद म्हणून काम करणाऱ्याने हेगनवर समाधान मानावं.

प्रॉटेस्टंट बाजू सोडू नका

‘आयरिश धार्मिक जीवन’ म्हटलं की सगळे कॅथलिक चर्चकडे धावतात. डब्लिनच्या चर्चटाउनमधलं रेप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी ग्रंथालय चर्च ऑफ आयर्लंडचे कागद सांभाळतं. त्या काळातलं ‘चर्च ऑफ आयर्लंड गॅझेट’ त्यांनी डिजिटल करून शोधण्याजोगं केलं आहे, तेव्हा त्या आठवड्याचा अंक काढा. बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात आयर्लंडच्या होमरूलला विरोध करणाऱ्या उत्तरेतल्या प्रॉटेस्टंटांच्या 28 सप्टेंबर 1912 च्या अल्स्टर करारनाम्यावरच्या सुमारे पावणेपाच लाख सह्या ऑनलाइन शोधता येतात. तो करारनामा देवाची साक्ष काढून केलेला होता आणि त्या दिवशी प्रार्थनासभा भरल्या होत्या. धर्म आणि राष्ट्र यांची गाठ काही एकाच बाजूने मारलेली नव्हती.

कॉर्कपुरतं बोलायचं तर एप्रिल 1922 च्या शेवटच्या दिवसांत डनमॅनवे आणि बँडन खोऱ्यात 13 प्रॉटेस्टंट मारले गेले. मॅग्नर जिथे पडले त्याच मुलखात. या प्रकरणावर इतिहासकारांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. क्यूच्या ‘सीओ 762’ मालिकेत राजनिष्ठांनी नंतर केलेले भरपाईचे दावे आहेत. ते हेलावून टाकतात, तरीही ते पैसे मिळवण्यासाठी केलेले अर्ज आहेत हे विसरू नका. पेन्शनच्या अर्जाला जी शंका लावली तीच इथे लावा, कमी नाही आणि जास्तही नाही.

छापील कागद

कोहॅलन यांचा हुकूम सोमवारच्या वर्तमानपत्रात वाचा. आयरिश वृत्तपत्रांचे डिजिटल संग्रह सशुल्क आहेत, पण एका महिन्याच्या वर्गणीत नीट आखून काम केलं तर सगळं उरकतं. उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येक बिशपाचं पत्र वाचून दाखवलं जाई आणि वर्तमानपत्रं ते छापत. 1921 मध्ये राखेचा बुधवार 9 फेब्रुवारीला होता, म्हणून त्याआधीच्या रविवारनंतरचा, 7 फेब्रुवारीचा अंक हमखास पाहा. ‘कॅथलिक बुलेटिन’ हे मासिक विसरू नका. 1916 नंतर सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकायला त्याने मेलेल्या बंडखोरांची राजकीय चरित्रं छापण्याऐवजी त्यांच्या भाविकपणाच्या आणि कुटुंबाच्या हकिगती छापल्या, विधवा-मुलांच्या फोटोंसकट. संपादक जे. जे. ओ’केली ‘स्केलिग’ या टोपणनावाने लिहीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले शॉन टी. ओ’केली ते वेगळे. सूचीत दोघांची गल्लत होते. हंगर स्ट्राइक ही आत्महत्या ठरते का यावर जेझुइटांच्या ‘स्टडीज’ या त्रैमासिकात 1920 मध्ये वाद झाला, तो जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतो.

जुळवाजुळव

एक साधा तक्ता करा. डावीकडे तारीख, मग घटना, मग कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि शेवटी दप्तराचा पूर्ण क्रमांक व पान. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊ नका. पोलिसाला पाद्री संशयित म्हणून दिसतो, पेन्शन मंडळाला साक्षीदार म्हणून, बिशपाला शिस्तीचा प्रश्न म्हणून आणि लढणाऱ्या पोराला कन्फेशन ऐकणारा म्हणून. चार कागदांत चार वेगळी माणसं भेटली तर घाबरू नका, तो बहुधा एकच असतो. उलट चारही कागद एकच गोष्ट सांगत असतील तर कोणी कोणाचं वाचून लिहिलं ते तपासा.

डाउनलोड केलेल्या प्रत्येक फाईलचं नाव लगेच बदला : दप्तर, क्रमांक, व्यक्ती, तारीख. कागद वाचायला मिळाला म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं नाही. चर्चच्या दप्तरातला उतारा किंवा फोटो वापरण्यापूर्वी लेखी विचारा.

आपल्याकडचे दोन धागे

भारतातून काम करणाऱ्याला दोन ठिकाणी खरी आघाडी मिळू शकते. पहिलं, कॉनॉट रेंजर्स. जून 1920 मध्ये जालंधर आणि सोलन इथे ब्रिटिश लष्करातल्या या पलटणीच्या आयरिश शिपायांनी आयर्लंडमधल्या दडपशाहीच्या निषेधार्थ बंड केलं, आणि बंडवाल्यांपैकी जेम्स डेलीला 2 नोव्हेंबर 1920 ला डगशाई इथे गोळ्या घालण्यात आल्या. आयरिश सरकारने 1936 मध्ये स्वतंत्र कायदा करून बंडवाल्यांना पेन्शन दिलं. लष्करी न्यायालयाचे कागद क्यूला, भारत सरकारचा पत्रव्यवहार दिल्लीत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

दुसरं मराठी वृत्तपत्रांचं. टिळकांनी आपली होमरूल लीग बेळगावात काढली ती एप्रिल 1916 च्या अखेरीस, म्हणजे डब्लिनमध्ये उठाव चालू असताना. मुंबई सरकार इलाख्यातल्या देशी वृत्तपत्रांवर दर आठवड्याला इंग्रजीत गोषवारा तयार करून घेई. ते अहवाल मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात आहेत. ऑक्टोबर 1920 ते फेब्रुवारी 1921 चे खंड मागा आणि अनुक्रमणिकेत आयर्लंड, मॅकस्विनी, कॉर्क या नोंदी पाहा. मिळालेल्या प्रत्येक गोषवाऱ्याचा मूळ मराठी अंक मग पुण्यात केसरीवाड्यात किंवा जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत शोधायचा, कारण सरकारी अनुवादकाने काय गाळलं ते मूळ अंक हातात आल्याशिवाय कळत नाही.